खोकडाची शेपटी अन् सोडलेलं वांगं

१८ सप्टेंबर २०२४

आज मला वन्यजीवमित्र करून टाकलं!

सकाळी शाळेचे हेडमास्तर ओमप्रकाश सर आले. चहा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, मग मुद्द्यावर आले. एक ऑक्टोबरपासून वन्यजीव सप्ताह. पहिल्या दिवशी गावातल्या एका ज्येष्ठ प्राणीप्रेमी माणसाचा सत्कार करा, असा वरून कागद आलाय म्हणे. मी म्हणालो, मग शोधा. ते म्हणाले, 'शोधला की. तुमीच.'

कारण काय, तर मागच्या उन्हाळ्यात सर पोरांना घेऊन माळावर गेले होते. मी तिथं आमची चुकलेली शेळी हुडकत होतो. त्यांना एक बीळ दिसलं होतं आणि हे सशाचं की कुत्र्याचं यावर खल चालला होता. मी नुसता वाकलो आणि सांगितलं – खोकडाचं आहे, आत पिल्लं आहेत, मागच्या अंगाला अजून दोन तोंडं असतील. निघाली! तेव्हापासून सर माझ्याकडे एखाद्या महाराजाकडे बघावं तसे बघतात. 'मुक्या जनावरावर एवढी माया,' म्हणाले.

अहो सर, माया कसली. चौदाव्या वर्षी याच माळावर मी खोकडं धरून त्यांची कातडी सोलत होतो. बिळाची दोन तोंडं बुजवायची आणि तिसऱ्यावर फासा लावायचा. म्हणून तोंडं किती ते कळतं.

हे अर्थात बोललो नाही. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. बोलायचं कधी आणि नुसतं 'पुढं सरका' म्हणायचं कधी, एवढं कळतं. 'बघू,' म्हणालो.

छबू, म्हणजे आमची मंडळी, दारात उभी राहून ऐकत होती. 'घ्या की,' म्हणाली. 'शाल मिळंल.'

१९ सप्टेंबर

प्रियांकाचा फोन. माझी नात. सहा महिन्यांपूर्वी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागली, तेव्हापासून आमच्या घरात पालीवर झाडू उगारायची चोरी. 'आबा, सरांनी मलाच बोलावलंय. तुमचा सत्कार माझ्या हातानं हाय. वर्दीत येते बघा.'

सहज विचारल्यासारखं विचारलं – काय गं, कुणी फार पूर्वी, म्हणजे बहात्तरचा शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी, एखादं खोकड-बिकड धरलं असलं तर?

'कुणी धरलंय, आबा?'

'कुणी नाही. माणिकरावाचा चुलता धरायचा म्हणे.'

माणिकराव माझा लहानपणचा दोस्त. त्याला चुलताच नव्हता.

'लय वाईट माणूस असंल,' म्हणाली आणि फोन ठेवला.

२० सप्टेंबर

भाजीवाली आमच्या दारात आली की टोपलीतली वांगी फडक्याखाली झाकते. चोपन्न वर्षांचा रिवाज. आमच्या घरात वांगं येत नाही, शिजत नाही. सून राजेश्री लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं रुखवतात वांग्याचं लोणचं दिलं होतं, तर छबूनं ती बरणी उंबऱ्यावरूनच परत धाडली. कुणी विचारलं की सांगते, 'आमच्या सासऱ्यानं पितरांसाठी सोडलंय.' लोक हात जोडतात.

वडिलांनी सोडलं हे खरं. पण कशामुळं सोडायची वेळ आली, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी, दुसरा माणिकराव.

आईला वांगं फार आवडायचं. तिच्या माहेरी ओढ्याकाठी वांग्याचा मळाच होता. वडिलांनी सोडलं त्या दिवसापासून सत्याण्णव साली ती गेली तोवर तिनं तोंडात घातलं नाही. गंगाखेडच्या बाजारात वांग्याचा ढीग दिसला की थांबायची, एखादं उचलून देठ बघायची आणि परत ठेवायची. मी पिशवी धरून शेजारी उभा असायचो.

शाळेत प्राण्यांवर बोलायचंय म्हटल्यापासून हे सगळं वर यायला लागलंय. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहितो. साखर कारखान्यानं वाटलेली पाच वर्षांपूर्वीची डायरी आहे. कोण वाचतंय.

२१ सप्टेंबर

सन १९७०. मी चौदा, माणिक पंधरा. गंगाखेडच्या आठवडी बाजारात एक म्हातारा व्यापारी बसायचा, हैदराबादकडचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. खोकड, रानमांजर, मुंगूस – केसाळ कातडं असलं की घ्यायचा. माणिकला हातात घड्याळ हवं होतं. त्याला घड्याळ बघता येत नव्हतं, पण हवं होतं. मला काही नको होतं. मी माणिकबरोबर होतो एवढंच.

फाशाला घोड्याच्या शेपटीचा केस लागतो. चिवट असतो, दिसत नाही. गावात घोडी एकच, नवरदेव मिरवायची. आम्ही केस थोडेच उपटायचो – पण रोज. त्या साली तुळशीच्या लग्नानंतर जो पहिला नवरदेव तिच्यावर बसला, त्याची वरात मागून बघणाऱ्यांना वाटलं गाढवावरून धिंड निघालीय.

मुंगसाची तऱ्हा वेगळी. लहानपणी सगळ्यांना शिकवलेलं असतं, पळत्या मुंगसाला रामाची शपथ घातली की ते थांबून तोंड दाखवतं. आणि थांबतं खरंच! तर माणिकनं बांधाच्या अलीकडून हात जोडून शपथ घालायची, मुंगसानं इमानानं थांबून मागं वळून बघायचं, आणि पलीकडून मी दोरी ओढायची. अशी दोन धरली.

हसू येतं लिहिताना. आणि मग येत नाही. ते बिचारं शपथ पाळत होतं.

२३ सप्टेंबर

महिनाभरात सहा कातडी जमली. तीन खोकडं, एक रानमांजर, दोन मुंगसं. श्रावण-भादव्यातला सगळा माल. पोत्यात भरून बाजारला गेलो. चाचानं एक कातडं उचललं, केसांवर फुंकर मारून खालची लव बघितली आणि तोंड फिरवलं. 'ये क्या लाए रे? बारिश का माल नक्को. ठंड में लाव, अच्छा सुखाके लाव.'

त्याचं म्हणणं असं की थंडीत धरा, थंडीत लव दाट असते. आम्ही अर्थ काढला की हाच माल थंडीपर्यंत ठेवून द्या.

ठेवायचा कुठं? मी म्हणालो, ज्वारीच्या कणगीत. आई सीताफळं पिकायला कणगीतच घालायची, ज्वारीच्या उबेनं तीन दिवसांत पिकायची. म्हणजे कातडीही सुकणारच. माणिक म्हणाला, 'बन्सी, लय डोकं हाय तुला.' आयुष्यात हे मला एकट्या माणिकनं म्हटलंय आणि तेही चुकीच्या वेळी. भरल्या कणगीत हात घालून सहाही कातडी खोल दडपली. खोकडाची एक शेपटी तेवढी सुटून आली होती. ती माळवदावर, म्हणजे आमच्या मातीच्या छतावर, वाळत टाकली.

सहाव्या दिवशी भाकरीला वास यायला लागला.

२४ सप्टेंबर

भेंडी केली होती. छान झाली होती. लिहायला काही नाही.

२५ सप्टेंबर

आज आजोबांची तिथी. पान वाढून माळवदावर ठेवलं. कावळा लगेच शिवला. दरवर्षी लगेच शिवतो, फक्त सत्तर साली शिवला नव्हता.

त्या साली घरात आधीच कुजबुज होती. भाकरी तोंडात धरवत नव्हती. पीठ बदललं, तवा बदलला, जात्याला टाकी लावून घेतली. वास तसाच. भाऊकीतले दिनकरराव म्हणाले, 'हा वास या जगातला न्हाई.' त्यात पितृपक्ष लागला आणि तिथीला कावळा शिवेना. सगळं घर अंगणात मान वर करून उभं. वडील हात जोडून एकेक कबूल करायलेत – बैल विकणार न्हाई, बांधाचं भांडण मिटवतो, धाकट्याच्या शाळंचं बघतो. कावळा पिंपळावर बसून ऐकतोय.

मग आला. पण पानाला शिवला नाही. माळवदाच्या कोपऱ्यात गेला, काहीतरी ओढलं, ते चोचीत धरून आला आणि बरोबर भातावर टाकलं.

खोकडाची शेपटी!

वाटलं, आता वडील माझ्याकडं वळतील. कुणी वळलं नाही. सगळे शेपटीकडं बघत होते. दिनकररावांनी डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला – म्हातारा भुकेला आहे, खायला शेपूट मिळतंय म्हणून रुसलाय, त्याच्या आवडीचं कायतरी घरादारानं सोडा. आजोबांच्या आवडीचं काय? वांगं.

वडील त्याच पावली सगळ्यांना घेऊन मारुतीच्या पाराकडं गेले आणि चार माणसांसमोर शब्द दिला – आजपासून माझ्या घरात, माझ्या वंशात वांगं न्हाई. सगळे तिकडं असताना मी आणि माणिकनं कणगी उपसली, सहाही कातडी काढून गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडून दिली. तिसऱ्या दिवशी भाकरी गोड लागली.

मग काय! चमत्कार. वडिलांची छाती भरून आली. पंचक्रोशीतून लोक विचारायला यायचे. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला मारलं असतं, तेही सोसलं असतं. पण चार माणसांत त्यांचं हसं झालं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत वडील गेले. मग आई गेली. मग वाटलं, आता कुणाला सांगायचं.

२६ सप्टेंबर

घात!

जेवताना छबू म्हणाली, 'पोरीला नोकरी लागली ती पितरांच्या आशीर्वादानं. सर्वपित्रीला आपण अजून एक कायतरी सोडू.' मी सावध बसलो. कारलं म्हणेल वाटलं.

'भेंडी सोडू,' म्हणाली.

मुलगा भागवत म्हणाला, चालतंय. त्याचं काय जातं, तो दुपारी बाहेर जेवतो. राजेश्रीनं माझ्याकडं बघितलं. मला दात किती उरलेत हे तिला माहीत आहे. भाकरी कुस्करून आणि भेंडी, एवढंच मला नीट जातं.

मी म्हणालो, भेंडीचा आणि पितरांचा काय संबंध?

'वांग्याचा काय होता?' छबू म्हणाली आणि ताट उचलून गेली.

२८ सप्टेंबर

माणिकरावाच्या आखाड्यावर, म्हणजे त्याच्या शेतातल्या घरावर, गेलो. आता इथं खरं लिहायचं ठरलंच आहे तर हेही लिहितो – त्या आखाड्यावर मी वांग्याचं भरीत खातो. वर्षातून चार-पाच वेळा, तीस-पस्तीस वर्षं. माणिकराव निखाऱ्यात वांगं भाजतो, मी मिरची कुटतो. पहिला घास घेताना आई आठवते, दुसऱ्याला आठवत नाही. अशी माझी लायकी.

त्याला भेंडीचं सांगितलं. तो इतका हसला की ठसका लागला. मग म्हणाला, 'सांगून टाक बन्सी. आता मारायला कोण राहिलंय?'

म्हटलं, प्रियांका. एक तारखेला ती सगळ्या शाळेसमोर मला शाल घालणार आणि नंतर तिला कळणार की तो लय वाईट माणूस मीच. ज्या चुलत्याला नावं ठेवली तो तुझा चुलता नव्हता, तिचा आजोबा होता.

'मला चुलता कवा होता?' माणिकराव म्हणाला.

भीती तीच आहे. छबूची नाही, गावाची नाही. लहानपणी ताप आला तरी ती पोरगी माझ्याच मांडीवर झोपायची. ती माझ्याकडं कशी बघेल, तेवढंच.

३० सप्टेंबर

भाषण पाच वेळा म्हणून बघितलं. 'लहानपणापासूनच मला प्राण्यांची ओढ होती.' ओढ होती हे खोटं नाही. दोरी मीच ओढायचो.

१ ऑक्टोबर

झालं एकदाचं.

मंडप, फुगे, हेडमास्तर, सरपंच. प्रियांका खाकी वर्दीत, कमरेला पट्टा, केस घट्ट बांधलेले. माझा ऊर भरून आला. तिनं शाल घातली, वाकून पाया पडली, सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मागच्या रांगेत माणिकराव सगळ्यांत जोरात.

बोललो बरं. खोकड बिळाची तोंडं वाऱ्याचा अंदाज घेऊन कशी काढतं, रानमांजर पाय कसा टाकतं, मुंगूस मागं वळून का बघतं. पोरं गप्प होऊन ऐकत होती. मग एक पोरगी उठली, असेल सहावीतली, दोन वेण्या. 'आजोबा, एवढं जवळून तुम्ही बघितलं, तर ते पळून नाही गेले?'

माणिकराव खोकला.

मी म्हणालो, 'नाही गेले, बाळा.' आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं गहिवरून आलं. हेडमास्तर माइकवर म्हणाले, जनावरसुद्धा माणूस ओळखतं. शाल अंगावर उकडत होती. घरी येऊन काढली आणि खुंटीला लावली नाही, पेटीवर टाकली.

२ ऑक्टोबर

सर्वपित्री. प्रियांका मुक्कामी होती. पान ठेवलं, कावळा शिवला, सगळे जेवायला बसले. छबूनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, भेंडी सोडायला. म्हणाली, 'कुणाला काही बोलायचंय का? मग सोडते.'

मी म्हणालो, थांब.

आणि सांगितलं. घोडीपासून गंगेपर्यंत सगळं. कणगी सांगितली, शेपटी सांगितली, रामाची शपथ सांगितली. प्रियांकाकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून सांगितलं. थांबलो तेव्हा भागवतच्या हातातला घास तसाच होता.

पहिली बोलली राजेश्री. आवाज अगदी हळू. 'मामा, माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. डोहाळ्यात मला वांग्याशिवाय काही सुचत नव्हतं. मी आईच्या गावाकडनं आलेल्या बाईच्या पदराचा वास घेतला होता, तिनं वांगी चिरली होती म्हणून.' मग तिला हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्हीतलं कुठलं खरं मला कळेना. मी हात जोडले. 'तुमी बी चोपन्न वर्षं खाल्लं न्हाईच की मामा,' म्हणाली. मी भाकरी कुस्करायला घेतली. सगळंच एका दिवशी सांगायचं नसतं.

प्रियांका उठून अंगणात गेली. मी मागून गेलो. पाठमोरीच होती. म्हणाली, 'काल सांगितलं असतं तर पोरांना जास्त कळलं असतं, आबा.' मला वाटलं, संपलं. मग वळली. 'रामाची शपथ घालून?' म्हणाली. 'लाज वाटली न्हाई का?'

'तेव्हा नाही वाटली. आता वाटते.'

ती सरळ माझ्याकडं बघत होती. मग वर्दीतली असल्यासारखी म्हणाली, 'परत जायचं शाळेत. त्या पोरीला सांगायचं.' मी हो म्हणालो. आत येताना तिनं माझा हात धरला होता. पायरी उंच आहे म्हणून असेल. पण धरला होता.

छबू एवढ्या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. हातावरचं पाणी तिनं केव्हा टाकलं तेही दिसलं नाही. भेंडी वाढत होती.

३ ऑक्टोबर

सकाळी शाळेत गेलो. दोन वेण्यांच्या पोरीला बोलावून सगळ्या वर्गासमोर खरं सांगितलं. ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं.' हेडमास्तरांना शाल परत करायला गेलो तर घाबरले. फोटोसकट अहवाल वर गेलाय, आता वर्षभर मला वन्यजीवमित्र राहावंच लागेल म्हणाले.

आज घट बसले. राजेश्री म्हणते नवरात्रात वांगं नको, दसरा होऊ द्या. सव्वीस वर्षं थांबलेली बाई नऊ दिवस मोजतेय.

४ ऑक्टोबर

दुपारी छबूला विचारलं, तू काहीच कशी बोलली नाहीस? तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'मला लग्नाच्या सालीच ठाव झालं होतं. आत्याबाईंनी सांगितलं होतं.'

आत्याबाई म्हणजे माझी आई.

'त्या साली तिथीच्या सकाळी पीठ चाळताना त्यांना केस घावला होता, तांबडा. कणगीत हात घातला, तवाच समजलं. मालकाला सांगणार तर तेवढ्यात मालकानं पारावर शब्द दिला. पोराचं नाव निघंल म्हणून त्या गप बसल्या. मला म्हणाल्या, बन्सी सांगंल एक दिवस आपणहून, त्याच्या तोंडातून येऊ दे. तवर तू बी बोलू नको.' मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, 'मी लय वाट बघितली. तुमी मरस्तोवर बोलला नसता. म्हणून भेंडीचं काढलं.'

शेवटच्या आजारात आई मला रोज संध्याकाळी जवळ बसवायची आणि विचारायची, 'बन्सी, मला काय सांगायचंय का रे?' मी म्हणायचो, काही नाही आई, तू झोप.